कलामहर्षी बाबूराव पेंटर : साच्याचे मोठेपण

काही माणसांची आडनावे त्यांच्या गावावरून पडतात, काहींची वतनावरून. ज्या माणसाचे चरित्र मी येथे सांगणार आहे, त्याला आडनाव मिळाले ते त्याच्या हातातील कुंचल्यामुळे. घराण्याचे नाव मेस्त्री, तेही कारागिरीचेच. पुढे जगाने त्याला पेंटर केले आणि महाराष्ट्राने कलामहर्षी म्हटले. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर हे नाव मराठी चित्रपटाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. पण आदराने घेतलेली नावे पुष्कळदा नुसती नावेच राहतात. कलाशाखेत शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी त्या नावामागचे हात पाहावेत, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. घर कारागिराचे होते. वडील कृष्णराव हे लाकूड, धातू, रंग आणि माती या सर्वांशी सारख्याच सलगीने वागणारे गृहस्थ. मुलाला शाळेतील पाटी-पुस्तकाचा लाभ बेताचाच झाला. परंतु किकरे, कानस, छिन्नी आणि कुंचला यांची मुळाक्षरे त्याने घरातच गिरवली. अशा घरात चित्र वेगळे, मूर्ती वेगळी आणि यंत्र वेगळे अशी वाटणी नसते. वस्तू हवी असली की ती करायची असते, एवढाच तेथील धर्म. बाबूरावांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची गुरुकिल्ली मला येथेच सापडते.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर. गवई, मल्ल, चित्रकार आणि नट यांना तेथे मानाचे स्थान होते. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव या दोघा तरुणांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवण्यास सुरुवात केली. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, रस्ता अशी स्थळे ते कापडावर अशी उभी करीत, की सपाट पडद्यात खोली असल्याचा भास व्हावा. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी केलेले काम गाजले. पेंटर बंधू हे नाव नाट्यसृष्टीत सर्वतोमुखी झाले. कीर्ती होती, कामे होती आणि हात चालत होते. सामान्य माणूस येथे सुखाने थांबला असता.

पण १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांच्या मनाने नवाच ध्यास घेतला. आपणही चित्रपट काढायचा! काढायचा कशाने? कॅमेरा विलायतेहून येणार, त्याची किंमत आवाक्याबाहेर, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर तर अशा मालाची आवकच मुश्किल. तेव्हा परदेशी यंत्रे खोलून पाहायची, त्यांचे मर्म समजून घ्यायचे आणि कॅमेरा आपणच बनवायचा, असा घाट त्यांनी घातला. त्या धडपडीतच १९१६ साली आनंदराव वारले. सख्ख्याहून सख्खा सहकारी गेला. काम अर्धवट राहिले. बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याच्या साहाय्याने त्यांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला.

वाचकहो, चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे भिंग बसवलेली पेटी नव्हे. फीत पुढे सरकली पाहिजे, क्षणभर अगदी निश्चल थांबली पाहिजे, तेवढ्याच वेळात प्रकाश आत आला पाहिजे, आणि सरकताना मात्र पडद्याने तो अडवला पाहिजे. आणि हे एका सेकंदात अनेकदा, न चुकता. दातेरी चाकात केसभर फरक पडला तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. ज्या हातांनी पडद्यावर अरण्ये रंगवली, त्याच हातांनी ही चाके जुळवली. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवलाचे साहाय्य केले आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. कथा कीचकवधाची. याच विषयावरील कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या नाटकावर सरकारने १९१० साली बंदी घातली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे विषयाची निवड किती धाडसाची होती ते कळते. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी लोकमान्य गेले.

मला मात्र ‘सैरंध्री’संबंधी दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जो माणूस रंगवलेल्या पडद्यांमुळे प्रसिद्धीस आला, त्याने स्वतःच्या चित्रपटातून रंगवलेले पडदेच हद्दपार केले! त्यांच्या जागी त्याने भरीव नेपथ्य उभारले. खांब म्हणजे खराच गोल खांब, पायरी म्हणजे खरीच पायरी. कारण उघड आहे. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसून लांबून पाहतो. कॅमेरा जवळ जातो, आणि उजेड सरकला की रंगवलेली सावली खोटी पडते. पात्रांचे पोशाखही बाबूराव आधी स्वतः कागदावर रेखाटीत आणि मग तयार करवून घेत. पोशाख म्हणजे अंगावर चढवलेले कापड नव्हे. ते माणसाभोवती घडवलेले शिल्प आहे, ही दृष्टी चित्रकारापेक्षा मूर्तिकाराची अधिक होय.

हे मी पुस्तकी ज्ञानाने सांगत नाही. मी राहतो अंबरनाथच्या बुवापाड्यात. आमच्याकडील मुलांनी गणेशोत्सवातील सजीव देखाव्यासाठी परग्रहावरून आलेला एक योद्धा उभा करण्याचे ठरवले. छातीवर चिलखत, खांद्यांवर पाखे आणि डोक्यावर पूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण. बाजारात मिळणारी शिरस्त्राणे लहान मुलांच्या मापाची. तेव्हा ते घरीच करायचे ठरले आणि मूर्तीच्या कामाची थोडी आवड असल्यामुळे त्याचा भार माझ्याकडे आला.

प्रथम एका मडक्यावर शाडू चढवून शिरस्त्राणाचा आकार घडवला. तो डोक्यापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे मोठा धरावा लागतो, कारण आत फोमची गादी बसायची असते. मग त्यावर प्लॅस्टरचा साचा. हनुवटीपाशी आकार आत वळतो; तेथे साचा अडकतो आणि मूळ आकार निघत नाही. म्हणून मातीची पातळ भिंत घालून साचा दोन भागांत घ्यायचा आणि कडेला खळगे ठेवायचे, म्हणजे दोन्ही अर्धे पुन्हा नेमके जुळतात. प्लॅस्टर धरू लागले की ते हाताला गरम लागते. निवल्यावरच साचा उघडायचा. मग आतून तेलाचा हात फिरवून खळीत भिजवलेल्या कागदाचे थर लावायचे, एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, म्हणजे थर मोजता येतात. श्रावणातल्या दमट हवेत ते वाळायला आठवडा लागला. छातीचे कवच एकसंध ठेवले असते तर योद्ध्याला बसताही आले नसते. म्हणून माशाच्या खवल्यांप्रमाणे पट्टी पट्टीवर चढवावी लागली आणि काखेत मोकळी जागा सोडावी लागली. तोंडापाशी भोके ठेवली, नाहीतर श्वासाच्या वाफेने डोळ्यांपुढची पारदर्शक काच धुरकटते. शेवटी रुपेरी रंग दिला आणि खाचांतून काळा रंग पुसून घेतला, तेव्हा कोठे तो कागद लोखंडासारखा दिसू लागला.

हे काम चालू असताना मी अनेकदा आमच्या गावच्या शिवमंदिराशी जाऊन बसे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे देवालय काळ्या पाषाणाचे आहे. त्याच्या भिंतींवरील मूर्तींचे मुकुट आणि अलंकार पाहिले की कळते, की त्या कारागिरांनी दागिना अंगावर चिकटवलेला नाही. तो देहाच्या वळणाबरोबर वळतो आणि त्याच्या कडेखाली सावली पडेल एवढी जागा त्यांनी खोदून ठेवली आहे. बाबूरावांनी ‘सैरंध्री’त जे ओळखले, ते हेच: वस्तू खरी भासते ती रंगाने नव्हे, तिच्याखाली पडणाऱ्या सावलीने.

योगायोग असा, की याच काळात साता समुद्रांपलीकडेही एक मूर्तिकार अशाच खटपटीत होता. १९२७ साली जर्मनीत फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा भविष्यकाळाचे चित्र रंगवणारा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील धातूची यंत्रमानवी स्त्री जगभर गाजली. ती घडवली वाल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने. ब्रिगिटे हेल्म या नटीच्या देहाचा प्लॅस्टरचा साचा घेऊन त्यावर लाकडाच्या भुशापासून केलेल्या लवचीक लांबीसारख्या द्रव्याने त्याने ते कवच केले आणि वरून रुपेरी मुलामा दिला. पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’मधील सैनिकांची पांढरी चिलखते तापवलेले प्लॅस्टिक साच्यावर ओढून बनवली गेली. द्रव्ये बदलली, पण आधी हाताने आकार, मग साचा आणि मग कवच, हा क्रम काही बदलला नाही. बर्लिनचा शिल्पकार आणि कोल्हापूरचा मेस्त्री यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण काम बोलते ती भाषा एकच असते.

१९२३ साली बाबूरावांनी हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला. तानाजीचा पराक्रम रात्रीचा. त्यासाठी त्यांनी विजेच्या कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. आपल्याकडे ते त्या काळी अपूर्वच होते. त्यांचा हात जाहिरातीपर्यंत पोचत होता. चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत, आणि १९२४ च्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक हे आजवर टिकून राहिलेले सर्वांत जुने भारतीय सचित्र भित्तिपत्रक समजले जाते.

परंतु मला त्यांचा खरा मोठेपणा दिसतो तो १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटात. राजे, देव आणि दैत्य यांचे पोशाख घडवण्यात निष्णात झालेला हा कलावंत एकदम कर्जात बुडालेल्या गरीब शेतकऱ्याच्या झोपडीत शिरला. शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम, त्यात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. जमीन गेल्यावर गिरणीत राबायला शहरात यावे लागलेल्या शेतकऱ्याची ही गोष्ट. प्रेक्षकांना पौराणिक चमत्कारांची सवय होती. या चित्रपटाला म्हणावा तसा आश्रय मिळाला नाही. पण मुकुट ज्या निष्ठेने घडवायचा, त्याच निष्ठेने फाटके धोतरही घडवायचे असते, हे दाखवून देणारा तो चित्रपट होय. आमच्यासारख्या कारखान्यांच्या गावात, जेथे अनेकांचे वडील नाहीतर आजे असेच शेत सोडून आले, तेथे या कथेची किंमत अधिक सांगण्याची गरज नाही.

मूर्तिकामात साचे दोन प्रकारचे असतात. एक पुन्हा पुन्हा वापरता येतो. दुसरा एकदाच वापरायचा. त्यात मूर्ती ओतली की छिन्नीने तो फोडून काढायचा. मूळची मातीही त्या वेळी हाती राहत नाही आणि साचाही राहत नाही. राहते ती मूर्ती. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे पुढे जे झाले, ते मला या दुसऱ्या प्रकारासारखे वाटते. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम ही सारी मंडळी बाबूरावांच्या हाताखाली तयार झाली. रंग कालवण्यापासून कॅमेरा फिरवण्यापर्यंत आणि झाडण्यापासून अभिनयापर्यंत सर्व कामे तेथे सर्वांना करावी लागत. आणि १९२९ साली हीच मंडळी बाहेर पडली आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. इकडे १९३१ साली बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिवस भरले. साचा फुटला. पण मूर्ती कशी निघाली! प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला आणि दामले-फत्तेलाल या जोडीच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने व्हेनिसच्या महोत्सवात नाव मिळवले. त्या यशात कोल्हापूरच्या त्या जुन्या कार्यशाळेचा वाटा किती, हे मोजण्याची फूटपट्टी कोणाकडे आहे?

शिष्य निघून गेल्याचे दुःख त्यांना झाले नसेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. हाताने उभारलेले घर रिकामे होताना पाहणे सोपे नसते. तरी ते कामावाचून बसले नाहीत. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’चा बोलपट (१९३६) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. दहा वर्षांपूर्वी फारसा न चाललेला विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला, यातच त्यांचा पिंड दिसतो. पुढे १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित करावयास घेतला तो शांतारामांच्या राजकमल संस्थेसाठी. दिग्दर्शक म्हणून त्यावर गुरू आणि शिष्य अशी दोघांची नावे आहेत. एके काळी ज्याला आपण घडवले, त्याच्या संस्थेत जाऊन काम करायला मन केवढे मोठे लागत असेल!

या काळात त्यांची मूर्तिकलाही चालूच होती. कोल्हापूरच्या मध्यवर्ती चौकात लेस्ली विल्सन या इंग्रज गव्हर्नराचा पुतळा होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत लोकांनी तो विद्रूप केला. त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसवावा, असे ठरले. भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला आणि बाबूरावांनी फार थोड्या दिवसांत महाराजांचा अर्धपुतळा घडवून दिला. १९४५ साली तो चौकात उभा राहिला. आजही तो चौक शिवाजी चौक म्हणून ओळखला जातो. पडद्यावर काही वर्षे चमकून जाणारी चित्रे ज्यांनी दिली, त्यांच्याच हातची ही वस्तू ऊनपावसात टिकून राहिली.

१९५२ चा ‘विश्वामित्र’ हा त्यांच्या अखेरच्या काळातील चित्रपट. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नाहीसे झाले आहेत. ‘सैरंध्री’ आपल्याला पाहता येत नाही. त्या काळची फीत ज्या द्रव्याची असे, ते चटकन पेट घेई आणि कुजूनही जाई. जतन करण्याची व्यवस्था नव्हती आणि दृष्टीही नव्हती. भरीव खांब, रेखाटून केलेले पोशाख आणि ज्याच्यासाठी लोकमान्यांनी पदवी दिली ते सारे दृश्य हवेत विरून गेले. मग बाबूरावांचे उरले काय, असा प्रश्न मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शिक्षणाशी निगडित आहे, म्हणून ते स्पष्ट सांगतो. डोक्याने केलेले काम वरचे आणि हाताने केलेले काम खालचे, अशी एक समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. ज्याच्या घरी हत्यारांची पेटी असते, त्या घरातील मूल कलाशाखेत आले की त्या पेटीविषयी बोलायला संकोचते. आमच्या अंबरनाथमध्ये अशी घरे पुष्कळ आहेत. आणि महाविद्यालयात निबंध वाचणारा विद्यार्थी विद्वान, तर स्नेहसंमेलनाचे नेपथ्य ठोकणारा विद्यार्थी मदतनीस, अशी विभागणी आपणही नकळत करून टाकतो. बाबूरावांच्या आयुष्याने ही विभागणी खोटी ठरवली आहे. कॅमेऱ्याचे चाक कानशीने घासताना ते विचारच करीत होते. आणि शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर मांडताना ते घडवीतच होते. विचार आणि हात यांच्यामध्ये त्यांनी भिंत बांधली नाही.

चित्रपट गेले, पण वस्तू मिळत नसेल तर ती करावी, ही त्यांची रीत गेली नाही. ती दामल्यांकडे गेली, फत्तेलालांकडे गेली, शांतारामांकडे गेली, आणि त्यांच्याकडून कोणाकोणाकडे गेली याची गणती नाही. आमच्या पाड्यातील मुले त्या कागदी योद्ध्याच्या खांद्याचा पाखा तिसऱ्यांदा कापीत होती, तेव्हा त्यांतील एकालाही बाबूराव पेंटर हे नाव ठाऊक नव्हते. हात मात्र त्याच वाटेने चालले होते. विद्यार्थीमित्रहो, साच्यावर कोणी सही करीत नाही आणि तो कोणी दिवाणखान्यात मांडूनही ठेवीत नाही. पण मूर्तीचे नाक ज्या कुशलतेने उमटलेले असते, ती कुशलता साच्याची असते, हे मूर्तिकाराला पक्के ठाऊक असते. यापुढे प्रभातची तुतारी कधी पडद्यावर पाहाल, तेव्हा तिच्या मागे उभ्या असलेल्या या मेस्त्रीचीही आठवण असू द्या.